कॅसलमन, पण कोणता?

सूक्ष्मदर्शकाखाली ग्रंथी तपासून दिलेल्या अहवालात नुसते ‘कॅसलमन आजार’ (लसिकाग्रंथी वाढण्याचा विकार) असे लिहून सही करणे मला पटत नाही, कारण या एका नावाखाली निरनिराळी कारणे असलेले आजार नांदतात आणि एकाचा उपचार दुसऱ्याला लागू पडत नाही.

बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील बेंजामिन कॅसलमन यांनी १९५६ साली छातीच्या मध्यभागातील, थायमसच्या अर्बुदासारख्या भासणाऱ्या लसिकाग्रंथींच्या १३ गाठींचे वर्णन केले. पुढे १९७२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालच्या रूपावरून हायलाइन व्हॅस्क्युलर आणि प्लाझ्मा सेल असे दोन प्रकार पाडले गेले. पहिल्या प्रकारात आक्रसलेल्या जननकेंद्राभोवती (ग्रंथीतील पेशी जिथे वाढतात त्या गोल पुंजक्याभोवती) लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे वर्तुळाकार रचलेले असतात आणि जाड भिंतीची एखादी रक्तवाहिनी बाहेरून थेट केंद्रात शिरलेली दिसते. दुसऱ्यात जननकेंद्रांच्या मधली जागा प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींनी भरून गेलेली असते. चित्र देखणे असते, पण त्यावरून उपचार ठरत नाही.

उपचार ठरतो तो आजार किती ठिकाणी आहे आणि कशामुळे आहे यावरून. एकाच भागातली गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढली की रुग्ण बहुधा बरा होतो. अनेक ठिकाणच्या ग्रंथी सुजल्या असतील, तर आधी मानवी नागीण विषाणू-८ (एचएचव्ही-८) शोधावा लागतो; एचआयव्हीबाधितांमध्ये तो विशेष आढळतो आणि तेथे रिटुक्सिमॅब हे बी-पेशींवर मारा करणारे औषध उपयोगी पडते. पोएम्स सिंड्रोम (प्लाझ्मा पेशींच्या विकारातून नसा व इतर अवयव बिघडवणारा लक्षणसमूह) सोबत असल्यास उपचार मुळातल्या प्लाझ्मा पेशींच्या विकारावर करायचे असतात. यांपैकी काहीच सापडले नाही, तरच ‘इडिओपॅथिक’ म्हणजे अज्ञात कारणाचा म्हणायचे, आणि त्यासाठीचे निकष थेट २०१७ मध्ये ठरले. त्यातही टॅफ्रो हा उपप्रकार वेगळा: प्लेटलेट घसरतात, अंगावर सूज चढते, ताप येतो, अस्थिमज्जेत तंतू वाढतात, यकृत-प्लीहा मोठी होतात, आणि रुग्ण झपाट्याने खालावतो. इंटरल्यूकिन-६ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनाला रोखणाऱ्या सिल्टुक्सिमॅब या औषधाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली ती एचआयव्ही आणि एचएचव्ही-८ हे दोन्ही नसलेल्या बहुस्थानी रुग्णांसाठीच. त्याचाही गुण सर्वांना येत नाही.

आपल्याकडे मानेत गाठ आणि सोबत ताप म्हटले की आधी टीबी आठवतो, आणि ते रास्तच आहे. प्रश्न उद्भवतो तो सुईने काढलेल्या चार पेशींवरून निदान मागितले जाते तेव्हा. ग्रंथीची रचनाच पाहायची असल्याने अख्खी ग्रंथी काढून पाठवावी लागते. शिवाय लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग), ल्युपस आणि आयजीजी-४ संबंधित आजार (दोन्ही प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारे) यांतही हुबेहूब अशीच वर्तुळे दिसू शकतात, म्हणून नमुन्यासोबतच्या अर्जावर नुसते ‘मानेतील गाठ’ न लिहिता इतर ग्रंथी कोठे आहेत, एचआयव्ही, सीआरपी (दाह दाखवणारी रक्तचाचणी), हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि अल्ब्युमिनचे निकाल काय आहेत, एवढे तरी शल्यचिकित्सकांनी लिहावे. एचएचव्ही-८चे प्रथिन ऊतीत दाखवणारा लाना-१ हा रंग मी न सांगताही लावून पाहते.