पेचेकमधून कमी पैसे कापणारी योजना आणि आमचा जानेवारी

न्यू जर्सीत राहून आम्हाला नऊ वर्षं झाली. त्यातली आठ वर्षं नोव्हेंबरमध्ये ओपन एनरोलमेंटचा, म्हणजे पुढच्या वर्षाचा विमा निवडण्याचा, मेल आला की मी गेल्या वर्षीचीच आरोग्य योजना पुन्हा निवडून मोकळी व्हायचे. २०२४च्या नोव्हेंबरात तसं करता येईना, कारण आमच्या पीपीओचा, म्हणजे त्या नेहमीच्या योजनेचा, हप्ता बराच वाढला होता. माझ्या कंपनीने त्याच्या शेजारी एचएसए (उपचारांसाठी करसवलतीचं बचत खातं) असलेली, म्हणजे मोठ्या डिडक्टिबलची (विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम) योजना ठेवली होती. घरात आम्ही चौघं. धाकट्याला दमा आहे. 'मोठं डिडक्टिबल' हे शब्द वाचूनच मला धडकी भरत होती.

दोन रात्री वही घेऊन बसले. पीपीओचे दर पंधरवड्याला ३१० डॉलर, म्हणजे २६ पेचेकचे मिळून ८,०६०. एचएसए योजनेचे १५०, म्हणजे वर्षाला ३,९००. शिवाय कंपनी एचएसए खात्यात १,००० डॉलर घालणार, दर तिमाहीला २५० असे. आधी मी फक्त डिडक्टिबलच शेजारी-शेजारी मांडत होते, १,५०० विरुद्ध ४,०००, आणि घाबरत होते. शेजारच्या एक ताई दवाखान्याच्या बिलिंगमध्ये काम करतात. त्या म्हणाल्या, "सगळ्यात वाईट वर्षाचा हिशोब आधी कर. हप्ता अधिक आउट-ऑफ-पॉकेटची कमाल मर्यादा, म्हणजे वर्षात उपचारांवर आपल्या खिशातून जास्तीत जास्त जाईल ती रक्कम, एवढंच." पीपीओची मर्यादा ७,००० होती, म्हणून १५,०६०. एचएसए योजनेची ८,०००, कंपनीचे हजार वजा जाता १०,९००. आकडे उलटेसुलटे तर झाले नाहीत ना, म्हणून मी तीनदा तपासले. आमच्या बाबतीत वाईट वर्षातसुद्धा मोठ्या डिडक्टिबलची योजनाच स्वस्त पडत होती. प्रत्येक कंपनीत असं असेलच असं नाही. आकडे आपापलेच घालावे लागतात.

नवऱ्याच्या कंपनीचाही विमा होता. मी एकटीने माझ्या योजनेत राहायचं आणि मुलांना त्याच्याकडे घालायचं, हाही पर्याय पाहिला. २०२५ साठी एचएसएत एकट्याला ४,३०० आणि कुटुंबाला ८,५५० डॉलर भरता येत होते, आणि कंपनीने घातलेले पैसेही त्यातच धरले जातात. पण दोन विमे म्हणजे दोन डिडक्टिबल, आणि त्याच्याकडे मुलांचा हप्ता जबर होता. चौघांना एकत्रच ठेवायचं ठरलं.

तेवढ्यात एक अडचण समोर आली. नवऱ्याचं त्याच्या ऑफिसात साधं एफएसए, म्हणजे पगारातले करमुक्त पैसे उपचारांसाठी बाजूला ठेवायचं खातं, होतं. जोडीदाराच्या साध्या एफएसएतून माझा खर्च भागू शकतो, म्हणून ते असेपर्यंत मला एचएसएत एक डॉलरही भरता येत नाही. मागच्या वर्षीची शिल्लक पुढे सरकली तरी तेच. त्याने पुढच्या वर्षासाठी फक्त दात आणि डोळ्यांपुरतं एफएसए घेतलं, आणि उरलेले ४१० डॉलर डिसेंबरातच त्याच्या आणि लेकीच्या चष्म्यांवर संपवले. हे एचआरने आपणहून सांगितलं नव्हतं. अर्जातल्या बारीक अक्षरांत वाचलं म्हणून कळलं.

दुसरी गोष्ट मात्र माझ्या नजरेतून सुटली. आमचं ४,००० चं डिडक्टिबल 'अ‍ॅग्रिगेट' होतं. म्हणजे चौघांपैकी एकाचाच खर्च असला तरी पूर्ण चार हजार आपल्या खिशातून गेल्याशिवाय विमा सुरू होत नाही. 'एम्बेडेड' असतं, तर एका माणसापुरती वेगळी, लहान रेषा असते. अशा योजनांत तीही २०२५ मध्ये ३,३०० च्या खाली ठेवता येत नव्हती. ज्या घरात एकाच माणसाला आजार आहे, तिथे हा प्रश्न हप्त्याच्याही आधी विचारायला हवा होता.

१ जानेवारीला विमा लागू झाला, पण एचएसएचं खातं आपोआप उघडत नाही. बँकेला ओळखपत्र हवं होतं, ते पाठवण्यात मी आठवडा घालवला. ४ तारखेला धाकट्याला अर्जंट केअरमध्ये न्यावं लागलं, बिल १८५ डॉलर. खातं उघडलं ८ तारखेला. खातं उघडण्याआधीचा खर्च त्यातून कधीच घेता येत नाही. ते १८५ गेले, आणि त्याची मला अजून हळहळ वाटते.

महिन्याच्या शेवटी रात्री दोन वाजता त्याला श्वास घेता येईना. ईआर (इमर्जन्सी रूम), नेब्युलायझर, पहाटेपर्यंत निरीक्षण. विम्याच्या दराने आमचा वाटा २,३४० डॉलर आला. खात्यात तेव्हा कंपनीचे २५० आणि माझे दोन पेचेकचे ४००, एकूण ६५० होते. एफएसएत वर्षाची सगळी रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते, एचएसएत जेवढं जमा झालंय तेवढंच. त्या रात्री पैशाचा विचार मनात आला, याचं मला फार वाईट वाटलं. हॉस्पिटलच्या बिलिंग ऑफिसला फोन केला, तर त्यांनी बिनव्याजी सहा हप्ते करून दिले, महिना ३९०. हे मागितल्याशिवाय कुणी देऊ केलं नसतं.

एक गोष्ट चांगली झाली. धाकट्याचा रोजचा स्टिरॉइड इनहेलर आमच्या योजनेत डिडक्टिबलच्या आधीच मिळतो. काही जुनाट आजारांच्या औषधांसाठी २०१९ पासून अशी मुभा आहे, सक्ती नाही, म्हणून औषधांची यादी निवडीआधीच उघडून पाहावी. मुलांच्या लसी आणि वार्षिक तपासणी नेटवर्कमध्ये, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरांकडे, दोन्ही योजनांत फुकट होती.

पेचेकमधून मी एचएसएत वर्षाला ५,२०० भरले. आमच्या २२ टक्क्यांच्या केंद्रीय करात आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरच्या ७.६५ टक्क्यांत मिळून सुमारे १,५४० डॉलर वाचले. न्यू जर्सी मात्र एचएसए मानत नाही. कॅलिफोर्नियाही नाही. राज्याचा कर त्या पैशांवर भरावाच लागतो.

जुलैत पुण्याला गेलो तेव्हा माझ्या दाढेचं रूट कॅनल तिथेच करून घेतलं. तारीख, नाव आणि रक्कम असलेली पावती आणली, आणि तो खर्च एचएसएतून घेतला. परदेशातल्या उपचाराला आडकाठी नाही. तिथून बॅगेत भरून आणलेल्या औषधांचे पैसे मात्र त्यातून घेता येत नाहीत. आईच्या कवळीचे पैसेही नाही, कारण इथल्या आमच्या करपत्रात ती आमच्यावर अवलंबून म्हणून धरलेली नाही.

आता २०२६ ची निवड आली आहे. नवऱ्याच्या कंपनीने या वर्षी एचएसए योजना आणली आहे आणि तिच्या माहितीपत्रात एका माणसासाठी ३,६०० असा वेगळा आकडा दिसतो. तो खरंच एम्बेडेड आहे का, हे विचारणारा मेल त्याने सोमवारी एचआरला पाठवला. उत्तर येईपर्यंत वहीतला तो रकाना रिकामा ठेवलाय.