पाच वर्षं लाइनमध्ये, आणि माईकवर तीनदा नंबर

अमेरिकन फुटबॉल खेळायचो म्हटलं की गावाकडं पहिला प्रश्न हाच, बॉल फेकायचास की पळायचास? दोन्ही नाही. अख्ख्या कॉलेजात मॅचमध्ये बॉल हाताला लागला एकदा, तो पण दुसऱ्याच्या हातनं सुटला आणि मी त्याच्यावर पडलो म्हणून. मी गार्ड. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूला गार्ड, बाहेर टॅकल, ही पाच जणांची ऑफेन्सिव्ह लाइन, आणि काम एवढंच की समोरचा सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस आपल्या क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे बॉल फेकणाऱ्यापर्यंत, पोचता कामा नये.

कोल्हापुरातनं २०१२ ला बाबांच्या एच-वन-बी वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, ओहायोला आलो, १२ वर्षांचा होतो, हायस्कूलमध्ये कोचनं अंग बघून थेट लाइनमध्ये उभं केलं. आजोबा तरुणपणी गंगावेस तालमीत जायचे, त्यांना फोनवर स्टान्स समजावून सांगितला तर म्हणाले कंबर खाली ठेव, उभा राहिलास की पट निघाला म्हणून समज. पुढं सगळ्या कोचनी मला इंग्रजीत तेवढंच शिकवलं.

२०१८ ला मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या कॉलेज लीगमधल्या एका टीमला वॉक-ऑन म्हणून लागलो. तेव्हा टीमला ८५ स्कॉलरशिपची मर्यादा होती, वॉक-ऑन म्हणजे त्यात नसलेला, प्रॅक्टिस तीच पण फी घरची. त्याच वर्षी नियम बदलला होता, चार मॅचपर्यंत खेळलास तरी ते वर्ष खेळायच्या चार वर्षांत मोजणार नाहीत, रेडशर्ट म्हणतात त्याला. मी चार काय, एकपण खेळलो नाही. नुसता खाल्लो. १०९ किलोचा होतो आणि त्यांना १३५ पाहिजे होता, रात्री दोन वाजता अलार्म लावून पीनट बटर खाणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल. एका शुक्रवारी वजनाच्या आधी दोन लिटर पाणी ढोसून काट्यावर उभा राहिलो, ट्रेनरनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला आधी बाथरूमला जाऊन ये.

२०१९ बेंचवर गेलं. २०२० ला ऑगस्टमध्ये आमच्या कॉन्फरन्सनं सीझन पुढं ढकलला आणि मग नोव्हेंबरपासून सहा मॅचचा छोटा सीझन ठेवला, त्यात पहिल्यांदा स्टार्ट मिळाला, तो पण रिकाम्या स्टेडियममध्ये. पुढच्या ऑगस्टमध्ये स्कॉलरशिप मिळाली. आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, आधीची फी परत मिळणार का.

१ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायला परवानगी मिळाली. गावातल्या एका बार्बेक्यूवाल्यानं आमच्या सगळ्या लाइनला जाहिरातीसाठी विचारलं, चौघांनी घेतलं, मी नाही. २१ पूर्ण झाल्यावर बाबांच्या व्हिसावरनं बाहेर पडून एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलो होतो आणि त्यावर इथं असलं काम करून पैसे घेता येत नाहीत. फोटोत चौघंच आहेत, मधली मोकळी जागा माझी. याचा राग मला बराच काळ राहिला, खरं सांगतो.

नोव्हेंबरात आमच्या मॅच मंगळवारी-बुधवारी रात्री असतात, साडेसातची मॅच म्हणजे कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी सकाळचे सहा, आज्जी चहा घेऊन लॅपटॉपसमोर. अशाच एका मॅचला थर्ड डाऊन, म्हणजे चारातला तिसरा प्रयत्न, दोन यार्ड पाहिजेत, पब्लिकचा आवाज एवढा की क्वार्टरबॅकची हाक पण ऐकू येईना, मी एक पाव सेकंद आधी हललो. शिट्टी. रेफ्रीनं माईक चालू केला, फॉल्स स्टार्ट, ऑफेन्स, नंबर ६७, पाच यार्ड. मॅचनंतर आज्जीचा फोन, आज तुझा नंबर पुकारला की रे! मी काय बोलणार, हो म्हटलं. लाइनमनचा नंबर असाच पुकारतात, चुकला की, आणि माझा तीनदा पुकारला.

२०२२ ला ऑक्टोबरमध्ये आमचाच रनिंग बॅक, बॉल घेऊन पळणारा, मागनं येऊन गुडघ्यावर पडला. ब्रेस होता म्हणून फक्त एमसीएलवर, गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, भागलं. पुढच्या वसंतात प्रो डेला, म्हणजे व्यावसायिक टीमचे लोक खेळाडू बघायला येतात त्या दिवशी, १०२ किलोचा बार १९ वेळा उचलला, हात मात्र ३२ इंचापेक्षा कमी भरले, फोन कुणाचाच आला नाही.

मग सगळं उलटं, वजन १३७ वरनं १०१ ला यायला चौदा महिने लागले. जिना उतरताना डावा गुडघा अजून कुरकुरतो, थंडीत जास्त, आणि ओहायोत थंडी काय संपतच नाही.