गॅरेजच्या दारावरची कुजलेली फळी

पोळ्याच्या आधी नागपुरात धरमपेठेतल्या एका जुन्या बंगल्यातून फोन आला. गॅरेजच्या दारावरची आडवी फळी फुगली, रंग सुटून राहिला, लांबी (पुट्टी) भरून रंग मारून द्या. काकांना गणपतीच्या आत उरकायचं होतं.

शिडीवर चढून पेचकस टोचला. वर ऑइलपेंट चकचकीत, पण पेचकस मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओला तपकिरी भुसा. त्यावर लांबी भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

"काका, ही फळी काढावीच लागते जी."

"अहो, मागच्याच्या मागच्या साली तर नवी बसवली! सागवान म्हणून पैसे घेतले त्या माणसानं."

सागवानच होतं. म्हणूनच मला खटकलं. खालचे दाराचे पल्लेही सागवानाचे, बंगल्याइतके जुने आणि ठणठणीत. फळी उचकटून उलटी केली तेव्हा अर्धं उत्तर मिळालं: तिचा खालचा पट्टा पांढरट होता. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. सालीलगतचं पांढरं लाकूड बुरशी आणि वाळवी कुठल्याही हलक्या लाकडासारखंच खाते, आणि रंगाखाली दोन्ही सारखीच दिसतात.

पण पांढरं लाकूडही कोरडं असलं तर कुजत नाही. बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत लाकूड आकसतं, सांधे उघडतात, आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी शिरतं. इथे छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच नव्हती, त्यामुळे पाणी टपकायचं सोडून छज्ज्याच्या पोटाला चिकटून भिंतीपर्यंत येत होतं आणि फळीच्या मागे उतरत होतं. त्याला बाहेर पडायची एकच वाट, फळीची खालची कड. तीच कुणीतरी सिलिकॉननं बंद केलेली. उचकटण्याआधी ती पट्टी नखानं ओढली होती, तेव्हा मागचं पाणी मनगटावरून थेट कोपरापर्यंत आलं.

याचाच मला राग येतो. सिलिकॉन भरलं की काम नीटस दिसतं, मालक खूश होतो, आणि लाकूड आतल्या आत सडत राहतं.

लकडगंजातल्या लाकूडबाजारातून गाभ्याची, नीट वाळलेली फळी निवडून आणली. काकांची घाई होती, तरी मागची चौकट सुकेपर्यंत ती लावली नाही. वरची कड रंध्यानं बाहेरच्या बाजूला उतरती केली. प्रायमर सगळीकडून, मागूनसुद्धा, आणि कापलेल्या टोकांना दोनदा. लाकूड सगळ्यात जास्त पाणी टोकांतूनच पितं. वर जस्ताचा पत्रा बसवला. त्याची मागची कड भिंतीत खाच पाडून आत घातली आणि तिथं मात्र पक्की बंद केली, पुढची कड फळीच्या बाहेर काढून खाली वळवली. खाली चौकटीशी बारीक फट मोकळी ठेवली.

काकूंची नजर नेमकी त्या फटीवर गेली. "ही बुजवत नाही का?"

"नाही जी. आत गेलेलं पाणी इथूनच निघते. ही बुजवली का फळी गेली."

नळी लावून छज्ज्यावर पाणी सोडलं. भिंतीवरून आलेलं पाणी पत्र्याच्या कडेवरून पुढे पडलं, फळी कोरडी. काका बराच वेळ बघत होते. मग मला मागच्या खिडक्यांकडे घेऊन गेले. तिथल्याही चौकटींच्या खालच्या कडेला पांढरं सिलिकॉन होतं. मी पेचकस काढला.