वय पंचवीस, मार्क शहाऐंशी

शनिवार, रात्री उशिरा

ग्लेनफारक्लास २५, म्हणजे पंचवीस वर्षांची स्कॉच व्हिस्की, अखेर उघडली. बाटली मित्राने दिलेली, त्यामुळे नावं ठेवायची तर ती इथेच, वहीत.

रंग गडद, कडेला लालसर झाक. स्कॉचमध्ये कॅरॅमल घालून रंग चढवायला कायद्याने मुभा आहे, पण हे लोक घालत नाहीत. म्हणजे दिसतंय ते पिंपातूनच आलेलं. काचेवरून धारा रेंगाळत उतरतात. त्यावरून ठरत काहीच नाही, पण बघायला बरं वाटतं.

वासाला घाई केली नाही. ग्लासात एकदम नाक खुपसलं की अल्कोहोल झणकन चढतं आणि मग बराच वेळ काही कळत नाही. तोंड किंचित उघडं ठेवून ग्लास हनुवटीपासून हळूहळू वर आणला. आधी मनुका, भरपूर. मग संत्र्याची वाळलेली साल. वीसेक मिनिटं तशीच राहू दिली तेव्हा अक्रोड, लाकडाचं पॉलिश आणि मागे कुठेतरी ओलसर मातीचा पुसट वास. इथवर आल्यावर घोट घ्यावासाच वाटेना. निम्मे पैसे वासातच वसूल!

हे सगळं ओलोरोसो शेरीच्या (गडद स्पॅनिश वाइनच्या) पिंपांचं देणं. पण २५ वर्षं लाकडात राहायचं तर मुळातला स्पिरिटही (पिंपात भरायची कच्ची दारू) दणकट लागतो, नाहीतर लाकूड त्याला गिळून टाकतं. बहुतेक डिस्टिलऱ्या भट्ट्या वाफेवर तापवतात. इथे अजून भांड्याखाली थेट गॅसची आंच असते. स्पिरिटला अंग येतं ते त्यामुळे, असं जाणकार मानतात. १८६५ पासून डिस्टिलरी एकाच ग्रँट घराण्याकडे आहे, तेव्हा हा हट्ट कोणी मोडायला लावला नसणार.

आता घोट. सुरुवात झकास: मधाळ, मग कडू चॉकलेट, थोडी कॉफी. आणि मग मध्येच पोकळी. जिथे चव फुलायला हवी तिथे ती पातळ होते, आणि शेवटी हिरड्यांवर तुरटपणा बसतो, चहा जास्त उकळल्यावर बसतो तसा. फिनिश, म्हणजे गिळल्यावर मागे राहणारी चव, लांब आहे, पण लांबते आहे ती लाकडाची चव. ड्रॉपरने पाण्याचे दोन थेंब टाकून पाहिले. संत्रं जरा पुढे आलं, तुरटपणा मात्र आणखी उघडा पडला. ४३ टक्के अल्कोहोलवर पाण्याला फार वाव नसतोच.

यांचीच १५ वर्षांची ४६ टक्क्यांची असते, आणि खरं सांगायचं तर मला ती जास्त आवडते. वास इतका खोल नाही, पण तोंडात भरते.

लेबलावरचा आकडा बघून आपण आधीच अर्धे मार्क देऊन मोकळे होतो. तो आकडा तरी कशाचा? आत मिसळलेल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचा, आणि तोही फक्त पिंपातला काळ. बाटलीत वय वाढत नाही. पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, तो देवदूतांचा वाटा. या हिशेबाने २५ वर्षांत पिंप जवळजवळ ४० टक्के रिकामं होतं. म्हाताऱ्या व्हिस्कीची किंमत त्यामुळे चढते हे पटतं. चव त्याच प्रमाणात चढते हे नाही पटत.

वास २३, चव २१, फिनिश २०, तोल २२. एकूण ८६. आधी ८८ लिहिलं होतं, ते मित्राच्या भिडेखातर, खोडलं.

पुढच्या वेळी १५ आणि २५ शेजारी शेजारी, कुठली कोणती ते न कळता चाखायच्या. ओतायचं काम मित्राकडे. तोवर ही अर्ध्यावर आली तर लहान बाटलीत काढून ठेवायची, नाहीतर हवा लागून वरचे हलके वास आधी जातात आणि उरतं ते लाकूड.