करवंटीचा कार्बन: धुण्यात कसूर नको

सांडपाण्यातला रंग शोषून घेणारा सच्छिद्र कार्बन नारळाच्या करवंटीपासून बनवता येतो. त्यासाठी करवंटी १ ते २ मिमी आकारात कुटून १०५ अंश सेल्सिअसला वाळवा. वजनाच्या दीडपट, ८५ टक्के फॉस्फोरिक आम्लात रात्रभर मुरवा आणि झाकणबंद भांड्यात ४५० अंशांवर तासभर तापवा. हवा शिरली तर कार्बन जळून वाया जाऊ शकतो.

मग गरम पाण्याने धुणं. बरेच जण हेच उरकून टाकतात, आणि खरा घोळ इथेच होतो. उरलेलं आम्ल सांडपाण्याचा सामू (pH, आम्लतेचं माप) उतरवतं. मिथिलिन ब्लूसारखे धनभारित रंग मग नीट चिकटत नाहीत. धुवणाचा सामू ६ ते ७ होईपर्यंत थांबू नका.

चाचणीला १०० मिली रंगीत पाण्यात ०.१ ग्रॅम कार्बन, तासभर ढवळून गाळा. कार्बनविना नमुनाही तसाच गाळा. गाळणकागदही रंग शोषतो!