छोट्या सुट्टीत बडोद्याहून दीव: दिवस कोणते धरावेत, मुक्काम कुठे करावा

बडोद्यातल्या मराठी घरांत समुद्रावर जायचा विषय निघाला की पहिलं नाव गोव्याचं येतं. आठवडाभर रजा असेल तर गोव्यासारखं दुसरं ठिकाण नाही. पण रजा जेमतेम तीन-चार दिवसांची, सोबत लहान मुलं आणि सत्तरीच्या सासूबाई, अशा वेळी सुट्टीचा मोठा तुकडा गाडीतच संपतो. आमच्याकडेही हीच चर्चा चालली होती, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "अगं, समुद्रच बघायचाय ना? मग गोव्यापर्यंत तंगडतोड कशाला? दीवला जाऊ या की." यंदा दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दीव केलं आणि सगळ्यांना इतकं मानवलं की पुढे जाणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते आहे.

दीवची सहल चांगली होणं दोन गोष्टींवर अवलंबून आहे. कोणत्या तारखांना जाता आणि बेटाच्या कोणत्या बाजूला राहता. या दोन गोष्टी घरी बसून नीट ठरवा. बाकीचं तिथे गेल्यावर जमतं, कारण बेट एवढंसं आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा-बारा किलोमीटर.

आधी तारखा. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दीव केंद्रशासित, तिथे ती नाही. त्यामुळे शनिवार-रविवारी अख्ख्या सौराष्ट्रातून आणि अहमदाबादेकडून तरुणांच्या टोळ्या येतात. खोल्यांचे भाव चढतात, नागवा बीचवर रात्री उशिरापर्यंत गलका चालतो. श्रावणातली सातम-आठम (जन्माष्टमीच्या आसपासची सुट्टी), एकतीस डिसेंबर आणि जोडून आलेली कुठलीही सुट्टी टाळाच. दिवाळीत तर बेसतं वर्ष (पाडवा) ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) पाय ठेवायला जागा नसते. पण लाभपाचमेला व्यापारी मंडळी दुकानं उघडतात आणि गर्दी झपाट्याने ओसरते. शाळांची सुट्टी मात्र पुढेही काही दिवस असते. नोकरदार घरांसाठी हीच फट सोन्यासारखी आहे. आम्ही मंगळवारी निघालो, त्रिपुरी पौर्णिमा तिथे धरली आणि शुक्रवारची गर्दी यायच्या आत परतलो. बीचवर मुलं मोकळी पळू शकली ती यामुळेच.

ऋतूचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात घामाने जीव नकोसा होतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पाण्यात उतरता येत नाही आणि वॉटर स्पोर्ट्सही बंद असतात. बेट त्या दिवसांत हिरवंगार दिसतं हे खरं, पण मुलांना पाण्यात जायचं असतं, हिरवळ बघायची नसते.

आता मुक्काम. दीवमध्ये राहायच्या तीन जागा आहेत: नागवा बीच, दीव गाव आणि घोघला. नागवा सगळ्यांत प्रसिद्ध, घोड्याच्या नालेसारखा वळलेला, पाणी उथळ आणि शांत. मित्रांच्या गटाने जात असाल तर तिथे राहा. दीव गावात बाजार, किल्ला, जेट्टी सगळं पायी अंतरावर, पण बीच नाही. म्हातारी माणसं आणि मुलं असतील तर माझं मत घोघल्याला. घोघला खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवर आहे आणि पुलाने दीव गावाशी जोडलेला आहे. लांबलचक सपाट वाळू, २०२० साली मिळालेलं ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्यांचं आंतरराष्ट्रीय मानांकन, त्यामुळे स्वच्छता, कपडे बदलायच्या खोल्या आणि शौचालयं यांची सोय चांगली. सासूबाईंना खोलीपासून वाळूपर्यंत चालत जाता आलं. बुकिंग करण्याआधी हॉटेलला फोन करून एवढंच विचारा: वाळू किती पावलांवर आहे, लिफ्ट आहे का आणि रात्री आवारात डीजे असतो का. माझ्या नणंदेला गेल्या वर्षी नागव्याकडच्या एका हॉटेलात रात्री दीडपर्यंत डोळा लागला नव्हता. हे प्रश्न तिच्याकडूनच शिकले.

बडोद्याहून दीव साधारण चारशे किलोमीटर. रात्रीच्या स्लीपर बसने झोपून जाता येतं. उन्यापर्यंतची मिळाली तरी चालते, तिथून दीव रिक्षाने फार लांब नाही. रेल्वेने वेरावळला उतरायचं, तर पुढे पुन्हा सुमारे नव्वद किलोमीटर राहतात. आम्ही आमची गाडी काढली, कारण सासूबाईंना बसमध्ये वर-खाली चढणं जमत नाही. वासद, बोरसद, तारापूर, वटामण, धोलेरा करत भावनगर आणि मग तळाजा, महुवा, राजुला, उना. थांबत थांबत आठ-नऊ तास धरा. भावनगरजवळच्या घोघ्याला (हे घोघला नव्हे) जाणाऱ्या रो-रो फेरीबद्दल, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीबद्दल, बरेच जण विचारतात. ती आता सुरतजवळच्या हजिऱ्याहून सुटते. सुरतकरांसाठी ती वरदान आहे, पण बडोद्याच्या माणसाने आधी उलट दिशेला हजिऱ्यापर्यंत जायचं, मग कित्येक तास बोटीत बसायचं आणि घोघ्याहून परत दोनशे किलोमीटर गाडी चालवायची, यात वेळ वाचत नाही. मुलांना बोटीची हौस असेल तरच करा.

पहाटे पाचला बडोद्यातल्या दांडिया बाजारातून निघालो की भावनगरला नाश्त्याच्या वेळेला पोचतो, आणि तिथे गरम गाठिये, तळलेल्या मिरच्या आणि पपईचा संभारो खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. तळाज्याच्या अलीकडे त्रापज फाटा लागतो. तिथून आत आलंग, जिथे १९८३ पासून जगभरची जुनी जहाजं फोडली जातात. यार्डात आपल्याला जाता येत नाही, पण रस्त्याच्या दुतर्फा त्या जहाजांतून निघालेल्या सामानाची दुकानं आहेत: पितळी दिवे, गोल खिडक्या, केबिनमधली कपाटं, नारिंगी लाइफ जॅकेटं, परदेशी कंपन्यांचे शिक्के असलेल्या प्लेटा. माझी मुलगी एका जाड काचेच्या गोल खिडकीतून कितीतरी वेळ पलीकडे बघत राहिली. तासभर हाताशी असेल तर आवर्जून वळा. जड वस्तू घ्यायची असेल तर येताना घ्या.

दीवमध्ये पोचल्यावर पहिलं काम म्हणजे भरती-ओहोटीच्या वेळा बघणं. मोबाईलवर सहज मिळतात. दिवसातून दोनदा भरती येते आणि रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. दीवचा दिवस या वेळांवरच बांधायचा: भरतीला गंगेश्वर, ओहोटीला बीच.

गंगेश्वर फुदम गावाजवळ आहे. काही पायऱ्या उतरून खडकाच्या कपारीत जायचं. तिथे अगदी लाटांच्या तोंडाशी लहानमोठी पाच शिवलिंगं आहेत. पांडवांनी स्थापली असं सांगतात. ओहोटीला गेलात तर नुसते ओले दगड दिसतील. आम्ही भरतीच्या सुमारास गेलो. सासूबाईंनी वाड्यातल्या बेलाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून बडोद्याहून आणली होती. त्या पान वाहायच्या, लाट यायची, पाचही पिंडी फेसाखाली जायच्या आणि पाणी ओसरलं की बेल गेलेला असायचा. पुन्हा नवं पान. एक पान तेवढं मधल्या पिंडीच्या बुडाशी अडकून राहिलं, तर मुलं ओरडली, "आजी, ते घेतलं देवाने!" त्रिपुरी पौर्णिमेला शंकराला समुद्राचा अभिषेक होताना बघायला मिळाला, याचं त्यांना फार समाधान आहे. पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, चपला वरच काढा आणि मोठ्यांचा हात सोडू नका.

त्याच दिवसांत सोमनाथ करायचा मोह होतो, दीवहून ते ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. पण कार्तिकी पौर्णिमेला सोमनाथला मोठी जत्रा भरते, म्हणून आम्ही मुद्दाम गेलो नाही. एरवी जाणार असाल तर परतीच्या वाटेवर न ठेवता एक अख्खा दिवस वेगळा ठेवा. वाटेत कोडीनार लागतं. हा मुलूख संस्थानाच्या काळात गायकवाडांच्या बडोदा राज्यात होता, अमरेली प्रांतात. सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग १८९३ साली याच अमरेली भागात केला. इतक्या लांब आल्यावरही आपल्याच महाराजांच्या जुन्या मुलखातून चाललो आहोत, हे मुलांना सांगताना मला भरून आलं.

किल्ल्याला सकाळी लवकर जा. संध्याकाळी तो बंद होतो आणि दुपारी दगड तापतात. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याच्याशी तह करून पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये तो बांधायला घेतला. दोनच वर्षांनी बहादूरशाह दीवच्याच समुद्रात मारला गेला. १५३८ आणि १५४६ चे मोठे वेढे किल्ल्याने सोसले. आपण वसईचा किल्ला बघतो तो १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला. दीव मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच राहिलं. दोन्ही किल्ले पाहिलेल्या माणसाला तटबंदीची घडण लगेच ओळखू येते. आत खंदक, तोफा, गंजलेले लोखंडी गोळे आणि दीपगृह आहे. तटावरून खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला पाणीकोठा नावाचा छोटा जलदुर्ग दिसतो. चढ बेताचा आहे, पण सावली नाही. टोपी आणि पाणी हवंच.

जेवढा वेळ किल्ल्याला द्याल तेवढाच खुकरी स्मारकाला द्या, असं मी आग्रहाने सांगेन. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडीने आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडलं नाही, ते जहाजाबरोबरच गेले. टेकडीवर काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे, समोर तोच समुद्र. बरेच पर्यटक तिथे सेल्फी काढून दोन मिनिटांत उतरतात. मुलांना खाली बसवून ही हकीकत सांगा. माझ्या मुलाने विचारलं, "ते पोहून का नाही आले?" त्याला उत्तर द्यायला त्याच्या बाबांना बराच वेळ लागला. त्याच नावाची नंतरची युद्धनौका निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये दीवला दिली गेली. ती बघायला खुली आहे का, तेही तिथे चौकशी करून घ्या.

नायडा गुंफांना भर दुपारी जावं. किल्ल्यासाठी दगड काढून काढून हा डोंगर आतून पोखरला गेला, असं सांगतात. छताच्या फटींतून ऊन सरळ खाली पडतं आणि भिंतींवरच्या छिन्नीच्या चौकोनी खुणा दिसू लागतात. जमीन खडबडीत आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी दारापासूनच बघावं. सेंट पॉल चर्च वाटेवरच आहे, १६१० मध्ये पूर्ण झालेलं, आतलं लाकूडकाम बघण्याजोगं. चक्रतीर्थ आणि जालंधर हे किनारे सूर्यास्तासाठी छान, पण खडकाळ आहेत, तिथे पोहू नये.

नागव्याला आम्ही एक दुपार गेलो. पॅरासेलिंग, बनाना बोट वगैरे तिथे आहे. भाव आधी ठरवा, फेरी किती वेळाची हेही विचारा आणि मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट नसेल तर सरळ नाही म्हणा. तिथली फांद्या फुटलेली होक्काची झाडं बघायला विसरू नका, ताडासारखी असून दुभंगत जाणारी.

जेवणाची काळजी नको. शाकाहारी गुजराती थाळी सगळीकडे आहे. आमच्यासारख्या मासेखाऊ घरांना तर पर्वणीच, कारण बेटाच्या पश्चिम टोकाला वणाकबारा हे मच्छीमारांचं मोठं बंदर आहे. होड्या लागण्याच्या वेळी तिथे चक्कर मारा, लाकडी होड्या बांधायचं कामही दिसतं. हॉटेलात पापलेट, कोळंबी मागवताना मसाला कमी सांगा, नाहीतर लाल तिखटाखाली ताज्या मासळीची चव बुडते. आमच्या विनंतीवरून एका साध्या खानावळीत हळद-मीठ लावून रव्यात तळून दिली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागवली, यातच सगळं आलं.

फिरायला स्कूटर भाड्याने मिळते, लायसन्सची मूळ प्रत न्या. मोठ्या माणसांसोबत असाल तर दिवसभराची रिक्षा ठरवणं बरं. हॉटेलात प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र मागतात. थोडी रोख जवळ ठेवा, बीचवरच्या शहाळंवाल्याकडे दरवेळी नेटवर्क असतंच असं नाही.

आणि परतीचं. दीवहून गुजरातेत शिरताना चेकपोस्टवर गाड्या तपासतात. दारूची एक बाटलीसुद्धा बरोबर आणणं गुन्हा आहे, आणि गाडीत इतर कोणी ठेवली तरी तुम्हीही अडकता. भाड्याची गाडी असेल तर निघण्याआधी डिकी स्वतः उघडून बघा. सकाळी सहाच्या आत निघालात तर उना-राजुल्याचा टप्पा मोकळा मिळतो, दुपारचं जेवण भावनगरला होतं आणि अंधार पडायच्या आत बडोद्यात पोचता. मुलांची शाळा दुसऱ्या दिवशी असेल तर हे पथ्य पाळाच, कारण धोलेऱ्याच्या लांब, सरळ रस्त्यावर रात्री थकलेल्या डोळ्यांनी गाडी चालवणं धोक्याचं आहे.