तुम्ही भूमिका विचारलीत म्हणून

दिवाळी अंकवाल्यांचा फोन जूनमध्ये येतो. ‘ताई, परिसंवाद ठेवलाय, माझी लेखनामागची भूमिका. दोनशे शब्द. मानधन नाही, पण अंक घरपोच.’ महाविद्यालयाच्या कार्यशाळेत मागच्या बाकावरचं पोर हात वर करतं आणि तेच विचारतं, फक्त आता ते ‘मिशन स्टेटमेंट’ म्हणतं. मी दरवेळी ‘लिहिते झालं’ म्हणून सुटका करून घेते. ऐकणाऱ्याला तो विनय वाटतो. विनय कसला, लपवाछपवी आहे ती. गेल्या महिन्यात एकाने चिडूनच ऐकवलं, ‘कराडला राहता तुम्ही. दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध ज्या गावात उभ्या राहिल्या त्या गावात. आणि तुम्हाला भूमिका नाही?’

आहे ना. म्हणजे होती. लेखी होती.

२००९ साली एका लेखन शिबिरात आम्हाला ती लिहायलाच लावली होती. सकाळच्या सत्रात ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकातलं ‘मनोगत’ वाचून दाखवलं. बाबासाहेबांनी लिहिलेलं, ३१ जानेवारी १९२० च्या अंकातलं. पत्र कशासाठी काढतोय, कुणासाठी काढतोय, इतकं सरळ की ऐकताना पाठ ताठ होते. शिरोभागी तुकोबांचा अभंग छापलेला होता, भीड सोडून तोंड उघडण्याचा. हे ऐकवल्यावर आमच्या हातात एकेक कोरं पोस्टकार्ड दिलं आणि म्हणाले, आता तुमचं लिहा. बाबासाहेबांनंतर आमचं! पण त्या वयात ते धाडस वाटत नाही. मी तीन ओळी लिहिल्या. जे पाहिलं नाही ते लिहिणार नाही. ज्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही त्यांच्याबद्दल लिहीन. पैशासाठी शब्द वाकवणार नाही. खाली सही आणि तारीखसुद्धा, करारनाम्यासारखी.

घरी आल्यावर कार्डाला भोक पाडून ते टेबलासमोरच्या खिळ्याला अडकवलं. घरात मारलेला खिळा तो एकच, म्हणून कालनिर्णयही त्यालाच. जानेवारीत नवं कालनिर्णय वर आलं की कार्ड त्याच्या मागे. यात तुम्हाला काही सुचत असेल तर सुचू दे, मी मुद्दाम केलेलं नाही.

आता २०१४. माझं माहेर दुसऱ्या जिल्ह्यात, एका साखर कारखान्याच्या चाळीत. कारखान्याचं नाव घेणार नाही. अण्णा तिथे पॅनमन. ज्यांनी कारखाना आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाक ज्या बंद भांड्यात आटवतात त्याला पॅन म्हणतात. आतली हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे पाक कमी उष्णतेवर उकळतो आणि करपत नाही. पॅनमनने मधूनमधून पितळी दांडीने त्यातला घास बाहेर काढायचा, काचेच्या तुकड्यावर पसरायचा, दिव्यासमोर धरायचा आणि दाणा बघायचा. बारीक राहिला तरी पंचाईत, एकाला एक चिकटला तरी पंचाईत. लहानपणी डबा घेऊन गेले की अण्णा ती काच माझ्या डोळ्यांसमोर धरायचे. ‘दिसला का दाणा?’ मला काही दिसायचं नाही, मी हो म्हणायची. (पॅनमनची मुलगी लेखिका झाली, आता दाण्याचं आणि शब्दाचं काहीतरी येणार, असं वाटलं असेल. येणार नाही.)

त्या वर्षी अण्णांचा तेरा महिन्यांचा पगार थकला होता. एकट्या अण्णांचा नव्हे, सगळ्यांचाच. चाळीत किराणा उधारीवर चालला होता आणि दुकानदारही आता ‘बघू’ म्हणायला लागला होता. आईने पाटल्या मोडल्या, पण आम्हाला सांगितलं नाही. हात उघडा दिसला तेव्हा म्हणाली, ‘बोचत होत्या.’

अशात मला फोन आला. माजी चेअरमनसाहेबांचा अमृतमहोत्सव, गौरवग्रंथ काढायचाय, संपादन आणि शब्दांकन कराल का? मी फर्म्यावर भाव सांगितला. सोळा पानांचा फर्मा, फर्म्याला ३,००० रुपये. पंधरा फर्मे झाले, २४० पानं, ४५,००० रुपये. निम्मे आगाऊ. आगाऊचा चेक चार दिवसांत वटला. चेक कारखान्याचा नव्हता, गौरव समितीचा होता. हा फरक मी तेव्हा स्वतःला पुन्हापुन्हा सांगितलाय. त्यातले वीस हजार आईला दिले आणि दुकानाची उधारी फिटली.

चुकलं का? तुम्ही सांगा. मला रोज वेगवेगळं उत्तर येतं.

आणि मी वाईट काम केलं नव्हतं. साहेबांच्या बायकोपासून ते त्यांच्या जुन्या ड्रायव्हरपर्यंत बावीस माणसांशी बोलले. कामगारांवर स्वतंत्र प्रकरण असावं हा आग्रह माझा. त्यात बॉयलरवाले होते, गव्हाणीवर मोळ्या ढकलणारे होते, आणि एक वाक्य होतं: ‘या काळात कामगारांचे पगार तेरा महिने थकले.’ शिव्या नाहीत, आरोप नाही, विशेषणसुद्धा नाही.

प्रूफं बघायला छापखान्यात बसलो होतो. समितीचे कार्यवाह म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, अत्यंत सज्जन गृहस्थ. आधी त्यांनी माझी ‘महर्षि’ची वेलांटी दुरुस्त केली, दीर्घ हवी म्हणाले, आणि बरोबर होतं त्यांचं. मला कानकोंडं झालं. मग अकरावा फर्मा आला. पान १६३. त्यांनी त्या वाक्याखाली बोट ठेवलं आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. चहा आला. बशीत सांडलेला चहा त्यांनी परत कपात ओतला आणि म्हणाले, ‘खोटं आहे असं मी म्हणत नाही, ताई. पण शुभकार्य आहे. लग्नात कुणी मोडलेल्या सोयरिकीचं काढतं का?’

मी काहीतरी बोलायला हवं होतं. हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने बोलून बघतेय, भांडी घासताना, एसटीत. तेव्हा बोलले नाही. मी हात पुढे केला आणि त्यांनी आपल्या खिशातलं लाल पेन काढून दिलं. मी वाक्यावर रेघ मारली, समासात डिलीटची खूण केली आणि शेजारी लिहिलं, ‘या कठीण काळात कामगारांनी कारखान्याला मोलाची साथ दिली.’ ऑपरेटरने तिथल्या तिथे टाइप करून बघितलं. ‘ओळीत बसलं ताई, पुढची पानं सरकत नाहीत.’ आणि मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं. शिंप्याला ठिगळ न दिसण्यासारखं बसलं की वाटत असेल तसं.

पुस्तक निघालं. मंडप, हारतुरे, दोन मंत्री. ज्येष्ठ कामगार म्हणून अण्णांनाही बोलावून शाल, श्रीफळ आणि ग्रंथाची प्रत दिली. रात्री ते ओसरीत दिव्याखाली चष्मा लावून बसले. अण्णा वाचतात ते बोट फिरवत, ओठ हलवत. वर्तमानपत्राचं एक पान त्यांना तासभर पुरतं. सगळा ग्रंथ त्यांनी आठवडाभर वाचला. मी मुद्दाम राहिले होते की अडकले होते, आठवत नाही. पाचव्या की सहाव्या रात्री ते वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं. मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघितलं.

‘साथ दिली म्हंजे? मागितली हुती कुणी?’

मी म्हटलं, ‘अण्णा, छापताना बदललं त्यांनी.’

त्यांनी! लाल पेन माझ्या हातात होतं.

अण्णा पुढे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथाला खाकी कागदाचं कव्हर घातलं, आमच्या शाळेच्या पुस्तकांना घालायचे तसं, कोपरे दुमडून. ‘पोरीनं लिव्हलंय’ म्हणून चाळीत सगळ्यांना दाखवलंही. कव्हर पुस्तक जपायला घातलं की वरचा साहेबांचा फोटो झाकायला, ते मी विचारलं नाही. थकलेला पगार पुढे हप्त्याहप्त्याने आला. २०१६ ला ते निवृत्त झाले. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यावी असा कायदा आहे. त्यांना ती तीन तुकड्यांत, दोन वर्षांनी मिळाली.

तर ही माझी भूमिका. आता त्या २००९ च्या बाईशी माझं जे भांडण चालतं तेही सांगते. मी तिला म्हणते, बाई, तुझ्या तिन्ही ओळींतला कर्ता ‘मी’ आहे. मी लिहिणार नाही, मी लिहीन, मी वाकवणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना विचारलंस? आणि तुझ्या शिबिराची फी कुठून आली होती? त्याच पॅनवरच्या पगारातून. ती म्हणते, ते सगळं खरं, पण वाक्य खरं होतं की नव्हतं? मी म्हणते, आईच्या पाटल्या. ती म्हणते, पैसे तर तुला वाक्य ठेवूनही मिळाले असते, तू विचारलंसच कुठं? इथे माझ्याकडे उत्तर नसतं. कारण खरंच, त्या सज्जन माणसाने ‘काढा’ असं म्हटलंच नव्हतं. नुसतं बोट ठेवलं होतं.

दुर्गाबाईंचं नाव घेणाऱ्यांना म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. १९७५, आणीबाणी, समोर स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि त्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या. मी एका निवृत्त मुख्याध्यापकासमोर बोलले नाही. एकाच गावात राहिल्याने काही लागण होत नाही.

दोन-तीन वर्षांनी मी एक वही केली. कुठल्याही कामात, स्वतःच्या कथेतसुद्धा, भीडेपोटी काढलेलं वाक्य तारखेसह त्यात लिहून ठेवायचं. पहिलं अर्थात पान १६३. आतापर्यंत एकतीस झाली आहेत. कार्यशाळेत एकदा हे सांगितलं तर टाळ्या पडल्या, तेव्हापासून सांगत नाही. कपाटात ठेवलेलं वाक्य कुणाच्या उपयोगाचं? चाळीतल्या एकालाही त्या वहीने पगार मिळाला नाही. तरी लिहिते. कार्डही अजून खिळ्यालाच आहे. पंधरा वर्षांत शाई उडाली, तिसरी ओळ आता नीट लागत नाही. फाडून टाक म्हणाल, तर हात होत नाही.

गौरवग्रंथ मी अजूनही करते. दरमहा घरात काहीतरी यावं लागतं आणि कथेवर ते येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

परवा त्या मुख्याध्यापकांचाच फोन आला. आवाज फार थकलाय त्यांचा. साहेबांच्या चिरंजीवांची एकसष्टी आहे, ग्रंथ काढायचाय, मागचा सगळ्यांना फार आवडला होता, फर्म्याला ८,००० देऊ. मी म्हटलं, ‘अण्णांना विचारून कळवते.’

अजून विचारलेलं नाही.